खुलासा: मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड ब्रिटिशकालीन नाहीत
टेट्रापॉड म्हणजे मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कडेला समुद्रात टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. ‘मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड ब्रिटिशांनी 1920च्या दशकात टाकले, बॅकबेचा भराव या टेट्रापॉडनीच धरून ठेवलाय’ असा संदेश फिरतोय. (बॅकबेचा भराव म्हणजे तिथला समुद्र बुजवून केलेली जमीन.) दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. टेट्रापॉडची रचनाच मुळी 1950 साली, फ्रान्समधल्या ग्रेनोबलला झाली. भराव धरते ती समुद्रभिंत. 1920च्या दशकात तिच्याच दगडांच्या फटींतून भरावाचा गाळ वाहून जात होता, आणि भरावाच्या त्या योजनेची ही एक महागात पडलेली चूक. टेट्रापॉड लाटेचा जोर मोडतात: चार पाय एकमेकांत अडकतात, पाणी मधल्या पोकळ्यांत शिरून विस्कटतं, भिंतीला थेट तडाखा बसत नाही. पोकळ्या बुजल्या की हा उपयोग कमी होतो. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे ही दुरुस्ती टाका.