आधी मामांना रामराम

लेकराचं नाव हायस्कुलात घातलंत, दप्तर घेतलंत, बूट दोन नंबर मोठे घेतलेत (दहावीपर्यंत पुरले पाहिजेत). आता घरी जाऊन निवांत बसावं असं मनात असेल, तर पालक म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी नापास. शिकणं हे लेकराचं काम, ओळखी काढणं तुमचं. मी तीन लेकरं त्या फाटकातून बाहेर काढलीत, तेव्हा सांगतो ते नीट ऐका.

मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं भिंतीवर एक रंगवलेला तक्ता असतो. सगळ्यात वर संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्याखाली सचिव, मग मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, सहशिक्षक, मग लिपिक आणि पार तळाला सेवक. पेंटरनं रंगवलाय झकास, फक्त टांगणारानं उलटा टांगलाय. तुम्ही तो खालून वर वाचायचा.

ओळख काढायला मुहूर्त लागतो, तोही सांगतो. मे महिन्यात, घराबाहेर चिटपाखरू नसताना, दोघं-तिघं सर डोक्याला रुमाल बांधून मोटारसायकलवर तुमच्या दारात येतात. तुम्हाला दादा म्हणतात, म्हातारीच्या पाया पडतात, माठातलं पाणी मागून पितात आणि वर ‘काय गोड पाणी आहे हो तुमच्या गावाचं’ म्हणतात. ते टँकरचं असतं. त्यांना तुमचं लेकरू पाहिजे असतं. पट कमी झाला की संच मान्यतेत (म्हणजे पोरं मोजून शिक्षक ठरवायच्या सरकारी हिशोबात) तुकडी जाते, तुकडी गेली की त्यातले एक सर ‘अतिरिक्त’ ठरतात, आणि अतिरिक्त ठरलेला माणूस जिल्ह्याच्या कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडेल ते त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून ते वह्या देतो म्हणतात, गणवेशाचं बघतो म्हणतात. पोरीला एसटीचा पास सरकारच फुकट देतं, तोही आपल्या खिशातून दिल्यासारखा सांगतात. काय मागायचं ते तेव्हाच मागून घ्या. 30 सप्टेंबरचा पट यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, चढला, आधार जुळलं, की त्याच आठवड्याच्या बाजारात तेच सर तुम्हाला विचारतात, ‘आपण कुठले?’

आता तक्त्याच्या तळापासून सुरू करू. शिपाई म्हणायचं नाही. तक्त्यावर सेवक, तुमच्यासाठी मामा. घंटा मामांच्या हातात, किल्ल्या मामांच्या कमरेला, आणि साहेब कुठं आहेत हे जगात फक्त मामांना माहीत. तुम्ही व्हरांड्यात पाय ठेवला की मामा म्हणतील, ‘साहेब जिल्ह्याला गेलेत.’ या वाक्याचे तीन अर्थ आहेत. मामा तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, तर साहेब खरंच मीटिंगला गेलेत. प्रयोगशाळेच्या दाराकडं बघून म्हणाले, तर साहेब आत डुलकी काढतायत. तुमच्या हातातल्या पिशवीकडं बघून म्हणाले, तर साहेब येऊ शकतात. हे व्याकरण शिकायला मला पहिल्या लेकराची पाच वर्षं लागली. आणि हो, शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. विकायला; मळून पुढं करायला नाही. ‘तंबाखूमुक्त शाळा’ या पाटीच्या मागं सावली चांगली पडते.

मामांच्या वर हेडक्लार्क. यांना भाऊसाहेब म्हणायचं, वयानं तुमच्याहून लहान असले तरी. इथं घाई करू नका, कारण शाळेतला सगळ्यात मोठा ग्रंथ यांच्याच कपाटात असतो: जनरल रजिस्टर. लाल कापडाची बांधणी, कोपरे उंदरांनी तपासलेले. तुम्ही कधी जन्मलात हे तुमच्या आईला माहीत असेल, पण आई पुरावा होत नाही. माझी आई सांगायची, मी पोळ्याच्या करीला झालो. गुरुजींनी शाळा उघडायचा सुमार बघून 1 जून लिहिलं. गावातली निम्मी पिढी अशीच 1 जूनला जन्मली, आणि त्यातली नोकरीला लागलेली मंडळी 31 मेला एकाच मांडवात निवृत्त होतात. हाराचा खर्च वाचतो.

2023 साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा मराठवाड्याला कळलं की आपला पणजोबा कोण होता हे देवाला विचारण्यापेक्षा शाळेच्या कपाटाला विचारावं. निजामाच्या वेळची मोडी-उर्दूतली दप्तरं धूळ झटकून उन्हात आली. ज्या भाऊसाहेबांना कुणी चहा विचारत नव्हतं, त्यांना ॲसिडिटी झाली. तेव्हा ओळख काढायला धावलेले रांगेत मागं राहिले. ओळख आधीपासून पाहिजे.

आता माझंच घ्या. मधल्या पोराच्या रजिस्टरला वडिलांचं नाव ‘ग्यानबा’, आधारवर ‘ज्ञानेश्वर’. भाऊसाहेबांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले, वर पेपरवेट ठेवला, चष्मा कपाळावर नेला आणि माझ्याकडं पाहिलं.

“यातले तुम्ही कोणते?”

“दोन्ही मीच की, भाऊसाहेब.”

“तसं चालत नाही. एकानं माघार घ्या.”

ग्यानबा-तुकाराम म्हणत अख्ख्या दिंड्या पंढरपूरला जातात, त्यांना वाटेत कुणी आधार मागत नाही. पण हे भाऊसाहेबांना सांगायचं नसतं. मी ग्यानबाला माघार घ्यायला लावली. त्याला एक प्रतिज्ञापत्र, मुख्याध्यापकांचं एक पत्र, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आणि जिल्ह्याचे चार खेटे लागले. लेकरू शाळेत आहे तोवरच ही दुरुस्ती उरकून घ्या. दाखला हातात पडल्यावर माध्यमिक शाळा संहिता आडवी येते, मग बाप बदलणं फार अवघड. एक मात्र आहे, दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ असंच येतं. त्याची काळजी नको. खिडक्यांच्या काचा फोडणाऱ्याचीही चांगली आणि ज्यानं त्या भरून दिल्या त्याचीही.

आता सर लोक. भाषेचे, गणिताचे, विज्ञानाचे, असे प्रकार वेळापत्रकात असतात. तुमच्यासाठी सर दोनच प्रकारचे: हातात वीस गुण असलेले आणि नसलेले. दहावीला मराठी, हिंदी, इंग्रजीची लेखी 80 गुणांची आणि 20 गुण तोंडीचे. गणित-विज्ञानातही 20 गुण शाळेकडं. या विसाची किंमत विचाराल, तर 2019 साली मंडळानं भाषेची तोंडी बंद करून बघितली. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, हे खरं. पण सगळीकडं असा ओरडा झाला की पुढच्या परीक्षेला तोंडी परत आली, आणि 2020 चा निकाल लागला 95.30 टक्के. (त्या साली कोरोनानं भूगोलाचा पेपरच रद्द झाला, त्याचंही पुण्य यात आहे.) तेव्हा ज्यांच्या हातात तोंडी आहे त्यांच्याशी तोंडभरून बोला. इतिहासाचे सर मात्र वेगळे. त्यांच्याकडून अर्धा गुण सैल सुटत नाही. त्यांच्याकडं शेवटी येतो, आधी कामाची माणसं.

सरांना पगार विचारू नये, अनुदानाचा टप्पा विचारावा. ‘सर, टप्पा कितवा?’ म्हटलं की माणूस मोकळा होतो. 2001 साली सरकारनं नव्या शाळा ‘कायम विनाअनुदानित’ ठरवल्या, म्हणजे पगाराला सरकारी पैसा कधीच नाही; 2009 साली त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला. शब्द काढायला आठ वर्षं लागली, मग पैसे यायला किती लागतील याचं त्रैराशिक तुम्हीच मांडा. अनुदान आलं ते वीस-वीस टक्क्यांनी. त्यामुळं एकाच स्टाफरूममध्ये एकच तास घेणारे एक सर पूर्ण पगारावर असतात, दुसरे चाळीस टक्क्यांवर, आणि तिसरे बिनपगारी, मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनाला. पूर्ण पगारवाल्यांशी ओळख काढायची तर प्लॉटचा विषय काढा. चाळीस टक्केवाले सकाळी शिकवणी घेतात, तिथं लेकरू पाठवा, ओळख आपोआप होते. बिनपगारी सर तुम्हाला सोयाबीनचा भाव विचारतील, कारण त्यांचं घर त्याच्यावर चालतं.

समुपदेशकांनाही भेटा, हल्ली त्याला महत्त्व आहे. व्हरांड्याच्या टोकाला ‘समुपदेशन कक्ष’ अशी निळ्या अक्षरांची पाटी दिसेल. दाराला कुलूप दिसेल. घाबरू नका, आत कुणी अडकलेलं नाही. आत मैदान आखायच्या चुन्याच्या गोण्या, लेझीम आणि गणपतीचं मखर आहे. समुपदेशक म्हणजे कार्यानुभवाच्या मॅडम. त्यांना तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यातला एक दिवस उद्घाटनात गेला. 2016 साली दहावीच्या लेकरांची राज्यभर कलचाचणी सुरू झाली. शेती, वाणिज्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा, असा ज्याचा त्याचा कल कागदावर यायचा. माझ्या थोरल्याचा कल ‘ललित कला’ निघाला. मी कागद घेऊन मॅडमकडं गेलो. त्यांनी तो मन लावून दोन्ही बाजूंनी वाचला.

“छान आहे,” म्हणाल्या, “लातूरला टाका.”

“पण हा तर ललित कला...”

“ते आहेच. पण लातूरला टाका.”

आमच्याकडं लेकरांना कल नसतो, उतार असतो. सगळं पाणी लातूरकडं, डॉक्टर-इंजिनिअर करणाऱ्या शिकवण्यांकडं, जातं. थोरला दोन वर्षं तिथं खोली करून राहिला, भिंतीवर फिजिक्सची सूत्रं लावली, आणि घरमालकाच्या पोरीच्या लग्नात रुखवताचा जो मोर काढला तो अजून लोक आठवतात.

तक्रारपेटीही असते, मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, बरोबर त्यांच्या नजरेसमोर. तिची किल्ली मामांकडंच. शेजारी लेकरांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीचा फलक. 2022 च्या शासन निर्णयानं ही समिती शाळाशाळांत आली. त्या फलकावर माझ्या बायकोचं नाव पालक प्रतिनिधी म्हणून आहे, हे आम्हाला धाकटीच्या प्रगतिपत्रकाला गेलो तेव्हा फलक वाचून कळलं. बैठका नियमित झालेल्या आहेत. इतिवृत्तावर तिची सही आहे आणि ती तिच्या सहीपेक्षा सुबक आहे.

मुख्याध्यापकांविषयी फार सांगण्यासारखं नाही, कारण ते बहुधा ‘प्रभारी’ असतात आणि दिवसभर मोबाइलवर ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असले निरोप वाचत बसतात. त्यांच्याकडून कागद हवा असेल तर समोर बसून राहा. सही हे एकच काम त्यांच्या हातात शाळेनं शिल्लक ठेवलंय, ते आनंदानं करतात.

अध्यक्षांना मात्र भेटायचं ते झेंड्याला. इथं मराठवाडा नशीबवान आहे. बाकी महाराष्ट्र 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट, असा तीनदा झेंडा लावतो. आपल्याला 17 सप्टेंबर जास्तीचा. 1948 साली या दिवशी निजामाची राजवट गेली. त्यासाठी लोक तुरुंगात गेले, सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिले, गोळ्या खाल्ल्या. त्यामुळं आपल्याला अध्यक्षांसमोर उभं राहायची वर्षाला चौथी संधी मिळते. पांढरे कपडे घालून जा. भाषणात ते ‘संस्थेचं हे इवलंसं रोपटं’ म्हणतील, तिथं टाळी वाजवा. पहिल्या रांगेत बसा, पण सोफ्यावर नको. सोफ्यावर त्यांचे मेहुणे बसतात, जे आपले भाऊसाहेब आहेत.

राहिले इतिहासाचे सर. यांची ओळख काढण्यात वेळ घालवू नका. गुण सैल सोडत नाहीत, प्लॉट नाही, शिकवणी नाही. दाखल्याला वशिला लावा म्हटलं तर ‘अर्ज करा’ म्हणतात. एवढंच नाही, चांगल्या चाललेल्या गोष्टीत आडवे येतात. दिवाळी झाली की आमच्या वस्तीवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गेल्या साली ट्रक भरत होता. भांडी, पत्रे, शेळी, सगळं वर चढलं होतं, फक्त म्हातारं खाली होतं. शेजारच्या नववीतल्या पोराला कोयत्याच्या मूठीला चिंधी गुंडाळायला बसवलं होतं. सर मोटारसायकल ट्रकच्या पुढच्या चाकाला लावून उभे राहिले. मुकादम म्हणाला, सर, उचल घेतलीय. सर म्हणाले, पोरानं कुठं घेतलीय. असं तासभर चाललं. पोराचं बोचकं खाली आलं, आजीच्या ओट्यावर ठेवलं, ट्रक गेला. ट्रकला उशीर झाला तो झालाच. त्या पोराला पुढं इतिहासात 38 पडले, तेही लेखीत.

मला त्यांनीच शिकवलेलं, तीस वर्षांमागं. परवा धाकटीचा दाखला आणायला गेलो, भाऊसाहेबांना, मामांना रीतसर भेटलो, आणि फाटकात ते नेमके समोर आले. तोंड चुकवायला जागा नव्हती.

“काय रे ग्यानबा, धाकटी कुठं घातलीस?”

“सर,” मी म्हणालो, “ग्यानबानं माघार घेतलीय.”

“कुणाच्या बाजूनं?” म्हणाले, आणि किक मारून निघून गेले.