वारसा जपायचा, पण हक्क द्यायचे नाहीत?

मूळनिवासी समाजांचा वारसा अवघ्या मानवजातीचा आहे, म्हणून त्याची शास्त्रशुद्ध नोंद करावी, वस्तू संग्रहालयांत सुरक्षित ठेवाव्यात; जमिनीचे हक्क मध्ये आणले की प्रगती अडते, असा एक युक्तिवाद सतत पुढे पाठवला जातो. ऐकायला समंजस वाटतो, पण तपासला की एकेक मुद्दा ढासळतो.

नोंद केली की वारसा वाचतो? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात जूकन घळीत शैलाश्रय, म्हणजे खडकातले नैसर्गिक निवारे, होते. माणसाच्या वावराच्या खुणा तिथे सुमारे ४६,००० वर्षं मागे जात होत्या. २०१४ मधल्या उत्खननात केसांची सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची वेणी मिळाली आणि तिच्या डीएनएचं नातं आजच्या पुटू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळलं. याहून पक्की नोंद कोणती हवी? तरीही मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी ते शैलाश्रय सुरुंग लावून उद्ध्वस्त केले. सरकारी परवानगी २०१३ पासून हातात होती. त्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची सोय कायद्याने कंपनीला दिली होती, ज्यांच्या पूर्वजांची ती जागा त्यांना नाही. संताप येतो तो इथे.

संग्रहालयांनी वाचवलं म्हणावं, तर कॅनडाने १८८५ ते १९५१ पॉटलॅच या, पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळनिवासींच्या भेटी वाटण्याच्या समारंभावर बंदी घातली होती. १९२१ मधल्या अशाच एका समारंभानंतर तिथल्या क्वाक्वाकावाक्व लोकांना त्यासाठी अटक झाली, त्यांचे मुखवटे काढून घेतले आणि ते संग्रहालयांत गेले. समारंभ गुन्हा ठरवून उचललेल्या मुखवट्यांना ‘जतन’ म्हणणं मला मान्य नाही.

‘वारसा सर्वांचा’ हे तर फार सोयीचं. दक्षिण आफ्रिकेतले सान लोक भूक मारायला हूडिया ही वनस्पती पिढ्यानपिढ्या चघळत आले. १९९० च्या दशकात तिच्यातल्या घटकावर सरकारी संशोधन संस्थेने पेटंट घेतलं, सान लोकांना न विचारता. नफ्यात वाटा देणारा करार झाला तो २००३ मध्ये, ओरड झाल्यावर.

राहिली प्रगती. मूळनिवासींच्या हक्कांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात संमतीचं तत्त्व आहे: दबावाविना, आधी आणि पूर्ण माहिती देऊन घेतलेली. १४४ देशांनी त्याच्या बाजूने मत दिलं. विरोधातल्या चौघांनीही पुढे भूमिका बदलली. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ मध्ये १२ ग्रामसभांना विचारलं गेलं, आणि बाराही सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा त्या डोंगरावर आहे. डोंगराची कितीही उत्तम नोंद झाली असती, तरी खाण थांबली नसती. ती थांबली ग्रामसभांच्या मताने.