स्वभावाला औषध नाही, असं कोण म्हणतं?

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले आणि वाडीच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागला: 'चाळिशीनंतर स्वभाव बदलत नाही. म्हातारपणी माणूस चिडका होतोच. उदास बसणं वयाचंच. स्वभावाला औषध नाही, मनावर घेऊ नका.' यातलं एकेक वाक्य घातक आहे.

पहिलं वाक्य. तिशीपर्यंत स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट बसतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहिलं होतं. पण त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या ९२ अभ्यासांचा २००६ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा मध्यमवयात आणि म्हातारपणातही स्वभाव बदलताना दिसला.

चिडकेपणाचं म्हणाल, तर उलटंच आढळतं. उरलेले दिवस मोजके आहेत हे उमगलं की माणूस फुकटचे वाद सोडतो, जवळच्या चार माणसांत रमतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी हेच मांडलंय. म्हणूनच शांत माणूस एकाएकी तिरसट झाला, तर ते वयावर ढकलू नका. आमच्या शेजारच्या काकी भजनाला येईनाशा झाल्या, सुनेवर खेकसू लागल्या. 'आता हट्टी झाली म्हातारी,' असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. नंतर कळलं, त्यांना ऐकूच कमी येत होतं. घरातले आपल्यामागे कुजबुजतात, असं त्यांना वाटायचं. वर्षभर त्या एकट्या पडल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. कमी ऐकू येणं, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, अशा बदलामागे यांतलं काहीही असू शकतं.

आणि उदासी? ती वयाचा भाग नाही. नैराश्य हा आजार आहे, सत्तरीतही बरा होतो. आपल्याकडची म्हातारी माणसं 'मन लागत नाही' असं क्वचितच म्हणतात; 'जेवण जात नाही, झोप नाही, अंग दुखतं' म्हणतात. मुंबईहून फोनवर तेवढंच ऐकू येतं. पण रोज खळं झाडणारी आई ते झाडायचं सोडते, पडलेला नारळ उचलत नाही, हे शेजाऱ्याला दिसतं. त्याला विचारा. असं दोन आठवडे चाललं, तर डॉक्टर गाठा.

रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव आजही दबक्या आवाजात घेतात. तिथवर जायचा धीर होत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा; सेवा सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालू असते. डॉक्टरकडे जाताना बदल कधीपासून दिसतोय ते लिहून न्या आणि चालू गोळ्यांची पिशवीही सोबत घ्या.