मोरचुदाचं काय?

'जिवाणूंची एन्झाइम जमिनीतलं कुठलंही विष पचवतात' हे लेखातलं वाक्य पटलं नाही. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचं ठीक, त्यातला फॉस्फरसचा बंध तोडणारी एन्झाइम आहेत. पेनिसिलिनच्या रेणूतली चौकोनी कडी तोडणारं एन्झाइम तर १९४० सालीच नोंदलं गेलं. पण मोरचुदातलं, म्हणजे कॉपर सल्फेटमधलं, तांबं हे मूलद्रव्य, त्यात तोडायचं काय? जिवाणू फार तर ते पेशीबाहेर ढकलतात.

निफाडला आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या धास्तीने बोर्डो मिश्रण फवारावंच लागतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. वडिलांच्या काळातले निळे ओघळ बागेच्या खांबांवर अजून आहेत. जमिनीत उतरलेलं तांबंही तिथेच असणार. बागायतदारांनो, माती तपासायला द्याल तेव्हा तांबंही आवर्जून तपासून घ्या.