शेत, दवाखाना, विमान: ‘सगळे पेटंटमुळेच’ या दाव्याचा प्रतिवाद

समाजमाध्यमांवर आणि व्याख्यानांतून एक दावा निरनिराळ्या रूपांत सतत पुढे केला जातो. शेतातले सुधारित बियाणे, रुग्णालयातले जीवरक्षक औषध आणि आकाशातले विमान ही तिन्ही पेटंटची देणगी आहे, असे त्यात म्हटलेले असते. त्याला काही पुरवण्याही जोडलेल्या असतात: पेटंट मिळाले याचा अर्थ सरकारने तो शोध तपासून खरा ठरवला, एकदा घेतलेले पेटंट जगभर चालते, पेटंटधारकाला आपली वस्तू बनवण्याचा निर्विवाद हक्क मिळतो, पेटंट नसते तर कुणी काही शोधलेच नसते, बियाण्याचे पेटंट आणि यंत्राचे पेटंट यांत काही फरक नाही, आणि ज्याच्याकडे पेटंटे अधिक, त्याचे संशोधन मोठे. यांतल्या एका विधानात, तेही फक्त औषधांपुरता, बराच तथ्यांश आहे. बाकीची टिकत नाहीत. तीन अगदी वेगळ्या स्वभावाची क्षेत्रे एकत्र बांधल्यामुळे हे सहसा लक्षात येत नाही, म्हणून एकेक विधान सुटे करून पाहणे आवश्यक आहे.

‘पेटंट म्हणजे शोध खरा आणि उपयोगी असल्याचा सरकारी दाखला.’ पेटंट कार्यालय अर्जातले यंत्र चालवून पाहत नाही आणि औषध कुणाला देऊनही पाहत नाही. परीक्षकापुढे कागद असतात: शोधाचे वर्णन, आकृत्या आणि अर्जदार नेमक्या कशावर हक्क सांगतो ते मांडणारे दावे. कल्पना नवी आहे का, त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का आणि तिचा औद्योगिक उपयोग होऊ शकतो का, हे तो प्रामुख्याने पाहतो. औषध सुरक्षित आणि गुणकारी आहे की नाही हे औषध नियामक ठरवतो, विमान उडण्यास योग्य आहे की नाही हे हवाई वाहतूक नियामक ठरवतो, आणि या दोघांचा पेटंट कार्यालयाशी संबंध नसतो. नव्या औषधी रेणूचा पेटंट अर्ज बहुधा माणसांवरच्या चाचण्या सुरू होण्यापूर्वीच केलेला असतो, त्यामुळे रीतसर पेटंट मिळालेले कितीतरी रेणू पुढे चाचण्यांत नापास होतात.

राइट बंधूंचेच उदाहरण घ्या. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो 23 मार्च 1903 रोजी, म्हणजे 17 डिसेंबर 1903 च्या पहिल्या इंजिनयुक्त उड्डाणाच्या जवळजवळ नऊ महिने आधी. 22 मे 1906 रोजी मंजूर झालेल्या त्या पेटंटचा आधार 1902 चे इंजिनविरहित ग्लायडर होता, आणि त्यातला मुख्य दावा पंखांची टोके मुरडून व त्याच वेळी सुकाणू वळवून तोल सांभाळण्याच्या पद्धतीवर होता. ‘विमानाचे पेटंट’ म्हणून जो कागद दाखवला जातो, त्यात इंजिनावर हक्क सांगितलेलाच नाही.

नावीन्याच्या तपासणीतही चुका होतात. अमेरिकेत 1999 साली मेक्सिकोतून आणलेल्या पिवळ्या घेवड्याच्या ‘एनोला’ नावाच्या वाणावर पेटंट देण्यात आले, आणि त्याच्या बळावर मेक्सिकोतून येणाऱ्या पिवळ्या घेवड्यावर हक्क सांगितला जाऊ लागला. कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राने त्याला आव्हान दिले, तरी पेटंट कार्यालयाने ते फेटाळायला 2008 आणि अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब करायला 2009 साल उजाडले. हळदीच्या जखमा भरून आणण्याच्या गुणावर 1995 मध्ये दिलेले अमेरिकी पेटंट मात्र भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या हरकतीनंतर 1997 मध्येच रद्द झाले. एका ठिकाणी दोन वर्षे लागली, दुसऱ्या ठिकाणी दहा. तेवढा काळ ‘सरकारी दाखला’ चुकीचाच होता.

‘एकदा घेतले की जगभर चालते.’ याला थोडक्यात उत्तर देता येते. जागतिक पेटंट नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. 1970 च्या पेटंट सहकार्य करारामुळे एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो, पण मंजुरी त्या त्या देशाचे किंवा प्रदेशाचे कार्यालय देते आणि जिथे मंजुरी नाही तिथे हक्क नाही. विमान वाहतुकीला तर ही प्रादेशिकता अडचणीचीच ठरली असती, कारण एकच विमान एका दिवसात तीन देशांच्या हद्दीत उतरू शकते. म्हणून 1944 च्या शिकागो कराराच्या कलम 27 मध्ये, आंतरराष्ट्रीय प्रवासावर असलेले सदस्य देशाचे विमान पेटंटभंगाच्या कारणावरून अडवता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद करावी लागली.

‘पेटंटधारकाला आपली वस्तू बनवण्याचा हक्क मिळतो.’ कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. पेटंटमुळे मिळतो तो इतरांना रोखण्याचा हक्क. आपल्या सुधारणेवर पेटंट असले, तरी ती ज्या मूळ कल्पनेवर उभी आहे तिचे पेटंट दुसऱ्याकडे असेल, तर त्याच्या परवानगीशिवाय आपल्यालाही वस्तू बनवता येत नाही. ज्या वस्तूत शेकडो भाग एकत्र येतात आणि प्रत्येक सुधारणा आधीच्या सुधारणेवर रचलेली असते, तिथे ही अडवणूक सर्वांत तीव्र होते, आणि विमान ही नेमकी तशी वस्तू आहे.

अमेरिकी विमान उत्पादक ग्लेन कर्टिस यांनी पंख मुरडण्याऐवजी पंखांच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या झडपा, म्हणजे एलेरॉन, वापरल्या. या झडपांची कल्पना मॅथ्यू बोल्टन यांच्या 1868 च्या ब्रिटिश पेटंटमध्ये आधीच होती. तरीही राइट बंधूंनी 1909 मध्ये कर्टिस यांच्यावर दावा लावला आणि जानेवारी 1914 मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने राइट यांच्या पेटंटचा अर्थ इतका व्यापक लावला की झडपांची पद्धतही त्यात ओढली गेली. विल्बर राइट 1912 मध्ये वारले. अखेरच्या वर्षांत त्यांचा बराच काळ विमाने सुधारण्याऐवजी खटल्यांत गेला होता. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा सरकारच्या आग्रहावरून 1917 मध्ये विमान उत्पादकांचा संघ स्थापून सगळ्यांची पेटंटे एका सामाईक संचात ठेवण्यात आली, ठरावीक शुल्क भरून कुणालाही ती वापरता येऊ लागली आणि हा संच 1975 पर्यंत टिकला. या खटल्यांनी अमेरिकी विमान उद्योगाचे नेमके किती नुकसान केले याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि युद्धकाळात अमेरिकी वैमानिकांना फ्रेंच लढाऊ विमाने उडवावी लागली याचे सगळे खापर पेटंटवर फोडणे मलाही पटत नाही. परंतु ज्या उद्योगाला सरळ चालण्यासाठी आपली पेटंटे एकमेकांविरुद्ध न वापरण्याचा करार करावा लागला आणि जो पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्या करारावर वाढला, तो ‘पेटंटमुळेच’ उभा राहिला असे म्हणणे धाडसाचे आहे.

‘पेटंट नसते तर शोध लागलेच नसते.’ इतिहासात याला इतके अपवाद आहेत की नियम शोधावा लागतो. रोंटगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरण शोधले आणि पेटंट घेण्याचे नाकारले. स्कॉटलंडच्या पॅट्रिक बेल यांनी 1828 मध्ये चालते कापणी यंत्र तयार केले आणि ते सर्वांना खुले राहावे म्हणून पेटंटचा मार्ग धरला नाही. केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये एकाच प्रकारचे प्रतिपिंड (शरीरातले रोगप्रतिकारक प्रथिन) हवे तितके बनवण्याची रीत मांडली, तिचे पेटंट घेतले गेले नाही, आणि त्या रीतीने आधुनिक निदान व औषधोपचाराची एक पूर्ण शाखा उघडली. इन्सुलिनचे पेटंट घेतले गेले खरे, पण बँटिंग आणि सहकाऱ्यांनी 1923 मध्ये आपले हक्क प्रत्येकी 1 डॉलरला टोरंटो विद्यापीठाकडे सोपवले. दुसऱ्या कुणी त्यावर मक्तेदारी प्रस्थापित करू नये आणि औषधाचा दर्जा राखता यावा, हा पेटंट घेण्यामागचा हेतू होता. शेतीतही तसेच घडले. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने इंडोनेशियाचा ‘पेटा’ आणि तैवानचा ‘डी-जिओ-वू-जेन’ यांच्या संकरातून तयार केलेले ‘आयआर 8’ हे बुटके भात 1966 मध्ये प्रसृत केले, ते पेटंटशिवाय, आणि त्याने आशियातले भाताचे उत्पादन बदलून टाकले.

उलट, पेटंट असूनही शोध रखडल्याची उदाहरणे आहेत. ब्रिटिश हवाई दलातले अधिकारी फ्रँक व्हिटल यांनी जेट इंजिनाच्या पेटंटसाठी जानेवारी 1930 मध्ये अर्ज केला. 1935 मध्ये नूतनीकरणाचे 5 पौंड भरणे त्यांना परवडले नाही, हवाई मंत्रालयानेही ते भरले नाहीत आणि पेटंट गळाले. त्यांचे इंजिन प्रथम चालले ते त्यानंतर, एप्रिल 1937 मध्ये, कारण तेव्हा कुठे त्यासाठी भांडवल उभे राहिले होते. तोवर जर्मनीत हान्स फोन ओहाइन स्वतंत्रपणे कामाला लागले होते आणि त्यांच्या इंजिनाचे विमान ऑगस्ट 1939 मध्ये जगात सर्वप्रथम उडाले.

अर्थशास्त्राच्या इतिहासकार पेट्रा मोझर यांनी 1851 च्या लंडन प्रदर्शनातल्या वस्तूंची छाननी केली, तेव्हा ब्रिटनच्या वस्तूंपैकी फक्त सुमारे 11 टक्के वस्तूंवर पेटंट असल्याचे आढळले. त्यांचा आणखी एक निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो: ज्या देशांत तेव्हा पेटंट कायदा नव्हता, तिथले संशोधक निष्क्रिय नव्हते, तर वैज्ञानिक उपकरणांसारख्या, ज्यांतले कसब गुपित ठेवता येते अशा, उद्योगांकडे वळलेले होते. म्हणजे पेटंटमुळे संशोधन होते की नाही यापेक्षा ते कोणत्या दिशेला जाते, यावर कायद्याचा परिणाम स्पष्ट दिसतो.

दाव्यात जो तथ्यांश आहे तो इथेच सापडतो, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नवा औषधी रेणू शोधून चाचण्यांतून पार नेण्यास प्रचंड खर्च येतो, पण तयार झालेली लहान रेणूची गोळी कुशल रसायनशास्त्रज्ञाला तुलनेने सहज उलगडता येते आणि ते औषध गुणकारी असल्याचेही आधीच सिद्ध झालेले असते. खर्च एकाचा आणि नक्कल दुसऱ्याची ही दरी औषधांत जितकी रुंद आहे, तितकी विमानांत नाही. विमानाची आकृती मिळाल्याने विमान बनत नाही. त्यासाठी धातुविद्या, कारागिरी, पुरवठादार आणि प्रमाणपत्रे लागतात. त्यामुळे खासगी भांडवलातून येणाऱ्या नव्या औषधांसाठी पेटंटची गरज मांडणारा युक्तिवाद भक्कम आहे, मात्र तो तसाच उचलून विमानाला किंवा नांगराला लावता येत नाही. आणि औषधांतही तो निरपवाद नाही: 2001 च्या दोहा जाहीरनाम्यात जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी सार्वजनिक आरोग्यासाठी सक्तीचे परवाने, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना इतरांना उत्पादनाची परवानगी, देण्याचा आपला अधिकार एकमुखाने अधोरेखित केला.

‘बियाण्याचे पेटंट यंत्रासारखेच.’ कापणी यंत्र विकत घेतले तर त्यातून दुसरे कापणी यंत्र उगवत नाही. बियाण्यातून मात्र बियाणेच उगवते. पेटंट कायद्यात साधारणपणे एकदा विकलेल्या वस्तूवरचा विक्रेत्याचा हक्क संपतो आणि घेणारा ती वापरू वा पुन्हा विकू शकतो. हे तत्त्व बियाण्याला कसे लावायचे, हा प्रश्न अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका शेतकऱ्याने धान्याच्या गोदामातून विकत घेतलेले सोयाबीन पेरले होते आणि त्यात तणनाशक सहन करणाऱ्या पेटंटप्राप्त वाणाचे दाणे मिसळलेले होते. 13 मे 2013 रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला की दाणे खाता किंवा विकता येतील, पण पेरून त्यांच्या नव्या प्रती करता येणार नाहीत. यंत्राच्या खरेदीदाराला असा प्रश्न कधी पडतच नाही.

म्हणूनच अनेक देशांनी पिकांसाठी पेटंटऐवजी वेगळी चौकट स्वीकारली. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराचे कलम 27.3 (ब) सदस्य देशांना वनस्पती पेटंटमधून वगळण्याची मुभा देते, मात्र वाणांना कोणते तरी परिणामकारक संरक्षण असावे अशी अट घालते. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेल्या वाण-संरक्षण पद्धतीत संरक्षित वाण वापरून नवे वाण पैदा करण्याची मोकळीक इतर पैदासकारांना असते. संकरित मक्याला तर कायद्याचीही फारशी गरज भासली नाही, कारण त्याच्या दुसऱ्या पिढीत जोम आणि एकसारखेपणा घटतो आणि शेतकरी दरवर्षी नवे बियाणे आपणहून विकत घेतो.

‘पेटंटे जितकी अधिक, तितके संशोधन मोठे.’ एका वस्तूवर एकच पेटंट असते, असे यात गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात एका औषधाच्या मूळ रेणूवर, त्याच्या क्षारावर, मात्रेवर, देण्याच्या रीतीवर आणि उत्पादनाच्या प्रक्रियेवर वेगवेगळी पेटंटे घेता येतात. संधिवातावरचे ‘हुमिरा’ हे प्रतिपिंड-औषध याचे ठळक उदाहरण आहे. त्याचे मुख्य अमेरिकी पेटंट 2016 मध्ये संपले, पण त्याभोवती तिथे 100 हून अधिक पेटंटे उभी होती. युरोपात त्याची समरूप औषधे, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेल्या त्याच्या अतिशय जवळच्या आवृत्त्या, ऑक्टोबर 2018 मध्ये बाजारात आली आणि अमेरिकेतल्या रुग्णांना ती मिळू लागली जानेवारी 2023 मध्ये, जरी दोन्हीकडे औषध एकच होते.