ओझोनला मराठी शब्द कशाला हवा?

तिकडे महाराष्ट्रात भाषेचा वाद पेटला की एक मुद्दा हमखास येतो: जर्मन लोक बघा, सगळं विज्ञान स्वतःच्या शब्दांत करतात, आपल्याकडेही ऑक्सिजनला प्राणवायू आहे, मग ओझोनच का परका? जर्मनीत बसून हे वाचताना डोकं फिरतं, कारण उदाहरण अर्धंच दिलेलं असतं.

ऑक्सिजनला इथे 'झाउअरश्टोफ' म्हणजे 'आंबट पदार्थ' म्हणतात, हे खरं. चेकमध्ये 'किस्लीक', फिनिशमध्ये 'हाप्पी'. सगळ्यांच्या पोटात आंबटपणा, म्हणजे आम्ल. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो अशी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची समजूत होती. ती खोटी ठरली, हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन औषधालाही नाही; पण शब्दाबरोबर चूकही भाषांतरित होऊन बसली. आपला प्राणवायू त्या मानाने शहाणा, एवढं श्रेय देतो.

आता ओझोन. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये पाण्याचं विद्युत विघटन करताना येणारा वास रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी हेरला आणि १८४० मध्ये ग्रीक 'ओझेइन', म्हणजे वास येणे, यावरून त्या वायूला नाव दिलं. हे गृहस्थ जन्माने दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियातले, घरची भाषा जर्मन. 'श्टोफ' जोडून एखादा शब्द सहज पाडता आला असता. पाडला नाही, आणि पुढेही कुणाला ती गरज वाटली नाही.

पण शब्द जसाच्या तसा कुणी ठेवला नाही, आणि तिकडचा वाद नेमकं हेच विसरतो. जर्मनमध्ये तो 'ओत्सोन' झाला, नपुंसकलिंगी, जोर दुसऱ्या अक्षरावर. फिन लोकांना 'झ' परका, म्हणून 'ओत्सोनि'. ओझोनचा थर 'ओत्सोनिकेर्रोस'. एस्टोनियनमध्ये 'ओसोऽन', आइसलँडिकमध्ये 'ओसोन'. लिथुएनियनने 'ओझोनास' करून पुल्लिंगी प्रत्यय चिकटवला. सर्वांत देखणं ग्रीकचं: शब्द माहेरी परतला तो जुन्या धातुसाधिताची षष्ठी घेऊनच. 'ओझोन'चं 'ओझोन्दोस'.

एस्पेरांतो ही तर मुद्दाम रचलेली भाषा, तिला मुळातून काहीही घडवायची मोकळीक होती. तरी तिचे जनक झामेनहोफ यांचा पंधरावा नियम सांगतो: जे शब्द बहुतेक भाषांनी एकाच उगमातून घेतले, ते तसेच घ्या, फक्त लेखन आपलं करा. म्हणून 'ओझोनो'. नामाचा 'ओ' लागला की कर्म 'ओझोनोन', विशेषण 'ओझोना', थर 'ओझोना ताव्होलो'. यंत्र पूर्ण चालू.

मराठीत अडतं ते इथे. उच्चाराची अडचण नाही. हिंदीला नुक्ता लागतो, आपल्याला 'ओझं'मधला झ जन्मजात मिळालाय. लिंगही ठरलेलं: वायू, म्हणून तो. पण सामान्यरूप? आपण लिहितो 'ओझोनचा थर'. पोर्तुगीज 'पगार'चं आपण 'पगाराचा' केलं, बटाट्याची भाजी केली, इंग्रजी टेबलही 'टेबलावर' आलं. मग 'ओझोनाचा थर' का नाही? प्रत्ययाआधीचा तो 'आ' लागला की शब्द घरचा होतो. नवा संस्कृत शब्द पाडला तर तो कोशात राहील आणि वर्गात मुलं ओझोनच म्हणतील.

इथे उन्हाळ्यात पारा चढला की बातम्यांत ओत्सोनचे आकडे येतात, घनमीटरला १८० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की सूचना, २४० च्या वर इशारा. वरच्या थरात हवाहवासा वायू आणि जमिनीलगत नकोसा वायू, दोन्हींना शब्द एकच. मराठी बातमीत 'ओझोन कमी झाला' वाचून लोक गोंधळतात, तिथे खरं तर 'थरातला' किंवा 'जमिनीलगतचा' एवढं एक मराठी विशेषण लागतं. त्यावर भांडायला मात्र कुणी येत नाही.

दूर बसून हे सांगणं सोपं आहे, कबूल. रोज मराठीत चुकायची सोय इथे नाही, म्हणून व्याकरणाची ही हौस. आणि 'ओझोनाचा' लिहिताना हात थबकतो तो मराठी कानामुळे, की 'ओझोनचा' या अर्थी जर्मन 'देस ओत्सोन्स' म्हणायच्या इथल्या सवयीमुळे, हे आता मलाच सांगता येत नाही.