झाडावर वाढणारे ब्लॅडरवर्ट दलदलीतले नाही

मांसाहारी वनस्पती घरी वाढवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. युट्रिक्युलॅरिया, म्हणजेच ब्लॅडरवर्ट, या प्रजातीतल्या ज्या जाती झाडांच्या शेवाळलेल्या खोडांवर अपिवनस्पती म्हणून वाढतात, त्यांच्याविषयी तो सल्ला थोडक्यात असा आहे. ही वनस्पती इतर मांसाहारी वनस्पतींसारखी दलदलीतली आहे, म्हणून कुंडी कायम पाण्याच्या थाळीत ठेवावी. झाड बंद काचेच्या बरणीत ठेवावे. त्याला कीटक किंवा मांसाचे कण भरवावेत. पाने गळली की ते मेले असे समजावे. नवी रोपे बियांपासून करावीत. आणि इतके करूनही रात्री हवा गार करणारे यंत्र नसेल तर ते घरात टिकणार नाही. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे. पहिला तर असा आहे की तो प्रामाणिकपणे पाळणाऱ्या माणसाचेच झाड आधी मरते, आणि म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

दलदलीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि गोंधळ त्यातूनच झाला आहे. युट्रिक्युलॅरियाच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा ओल्या मातीत वाढतात, काही पाण्यात तरंगतात, आणि पावसाळ्यात ओल्या कातळावर निळीजांभळी फुले धरणारी आपल्या परिचयाची सीतेची आसवे याच प्रजातीतली. या जातींना थाळीतले पाणी मानवते. परंतु युट्रिक्युलॅरिया अल्पिना, एंड्रेसिआय, अस्प्लुंडिआय, क्वेल्चिआय, कॅम्पबेलिआना आणि जेमसोनियाना या अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातल्या जाती वेगळ्या. त्या ढगांनी सतत भिजणाऱ्या डोंगरी जंगलात खोडांवरच्या आणि फांद्यांवरच्या शेवाळाच्या थरात राहतात. तिथे दिवसातून अनेकदा पाणी मिळते. पण ते येते, शेवाळाला भिजवते आणि खाली निथळून जाते. फांदीवर पाणी साचायला जागाच नसते. हुंबोल्टिआय आणि नेलुंबिफोलिया या जाती ब्रोमेलियाडच्या, म्हणजे अननसाच्या कुळातल्या वनस्पतींच्या, पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात वाढतात, तेव्हा त्या मात्र पाण्यातच असतात हे खरे. पण तेही पाणी पावसाने वारंवार बदलणारे आणि हवेला उघडे असते. कुंडीच्या तळाशी आठवडाभर कुजत राहिलेल्या पाण्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

हा फरक इतका निर्णायक का ठरतो, हे झाडाची रचना पाहिल्यावर कळते. युट्रिक्युलॅरियाला मुळे नसतातच. माध्यमात, म्हणजे झाड ज्यात लावलेले असते त्या मिश्रणात, जे पसरते ते दोऱ्यासारखे धावते खोड असते, त्याच्यावर सापळ्यांच्या पिशव्या असतात, आणि झाडावर वाढणाऱ्या अनेक जातींत त्याच खोडाचे काही भाग फुगून पाणीदार कंद झालेले असतात. पारदर्शक कुंडीत लावलेल्या अल्पिनाकडे बाजूने पाहिले तर स्फॅग्नमच्या, म्हणजे कुंडीत भरतात त्या शेवाळाच्या, धाग्यांमधून वळसे घेत गेलेली पांढुरकी खोडे दिसतात, त्यांच्यावर मोहरीपेक्षाही लहान, काचेच्या मण्यांसारख्या पिशव्या दिसतात, आणि मध्येच हिरवट, जवळजवळ आरपार दिसणारे लांबट कंद दिसतात. चार्ल्स डार्विनने 1875 मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात या जातीचे वर्णन युट्रिक्युलॅरिया मॉन्टाना या तेव्हाच्या नावाने केले आहे. हे कंद पाण्याचा साठा असावेत असा तर्क करून त्याने कुंडीला पाणी देणे बंद केले, कंद मोजले, आणि माती कोरडी पडल्यावर ते आकसल्याचे नोंदवले. ज्या वनस्पतीने थोडा काळ पाण्याविना काढण्यासाठी अवयव घडवला आहे, तिला कायमचे बुडवून ठेवणे तिच्या घडणीच्या विरुद्ध आहे. साचलेल्या पाण्यात माध्यमातला प्राणवायू संपतो, स्फॅग्नम काळे पडून आंबूस वास येऊ लागतो, आणि मग हे कंद बोटाने दाबल्यावर फुटावेत इतके मऊ होतात. पाने मात्र तेव्हाही काही काळ हिरवी राहतात. म्हणून नुकसान उशिरा लक्षात येते आणि दोष भलत्याच कारणाला दिला जातो.

यावर एक रास्त शंका घेतली जाते की सापळे पाण्याशिवाय चालत नाहीत, मग थाळी का नको? सापळ्याला पाणी लागते हे निर्विवाद आहे. पिशवी आतले पाणी बाहेर टाकून स्वतःत कमी दाब निर्माण करते, दाराला धक्का लागताच ते आत उघडते, आणि पाण्याबरोबर भक्ष्य ओढले जाते. पाण्यातल्या जातींत ही क्रिया एका मिलीसेकंदाच्या आत होत असल्याचे मोजले गेले आहे. पण एवढ्याशा पिशवीभोवती पाण्याचा पातळ थर असला तरी पुरतो, आणि ओलसर स्फॅग्नमच्या धाग्यांमध्ये तो कायम असतो. तेव्हा माध्यम ओले हवे आणि त्याच वेळी हवेशीरही हवे. लांब धाग्यांचे स्फॅग्नम निम्मे आणि बाकी परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) व ऑर्किडसाठी वापरतात ती झाडाची साल, हे मिश्रण न दाबता जाळीच्या कुंडीत भरावे. पाणी वरून भरपूर द्यावे, ते खालून पूर्ण निथळू द्यावे, आणि वरचा थर किंचित फिका पडू लागला, पण अजून बोटाला गार लागतो आहे, अशा वेळी पुन्हा द्यावे. बाहेर जायचे असेल तेव्हा थाळीत बोटाच्या पेराइतके पाणी एखाददुसरा दिवस ठेवल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते ती कायमची सवय झाल्यावर. स्फॅग्नम कुजून गाळासारखे झाले की निथळणे थांबते, म्हणून साधारण दोन वर्षांनी माध्यम बदलावे.

त्या सल्ल्यात पाण्याच्या प्रतीबद्दल एक शब्दही नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते. पाणी कसे द्यावे याइतकेच ते कोणते द्यावे हे महत्त्वाचे आहे. पावसाचे, ऊर्ध्वपातित किंवा आरओचे, विरघळलेले क्षार पन्नास पीपीएमच्या आत असलेले पाणी वापरावे. टीडीएस, म्हणजे हेच विरघळलेले क्षार, मोजणारे साधे उपकरण हा या छंदातला सर्वांत उपयोगी खर्च आहे. जास्त क्षारांचे कठीण पाणी दिले तर आधी जिवंत स्फॅग्नम पिवळे पडते, पृष्ठभागावर पांढरट थर येतो, आणि त्यानंतर झाड.

बंद बरणीचा आग्रह आर्द्रतेसाठी धरला जातो. आर्द्रता हवी, साठ टक्क्यांच्या वर असली तर उत्तम, यात वाद नाही. परंतु ज्या जंगलातून ही झाडे आली आहेत तिथली ओली हवा हलती असते. बंद बरणीत हवा थांबते, मेलेल्या पानावर बुरशी धरते, आणि दिव्याखाली किंवा खिडकीत बरणीतले तापमान बाहेरच्यापेक्षा झपाट्याने वाढते. अल्पिनाचे पान जाडसर असते. वरून थोडी उघडी असलेली काचपेटी, तिच्यात हळू फिरणारा छोटा पंखा आणि गाळून येणारा भरपूर उजेड एवढ्यावर ते व्यवस्थित वाढते. अस्प्लुंडिआय किंवा क्वेल्चिआय यांना आर्द्रता अधिक लागते. पण त्यांनाही झाकण घट्ट लावलेले सोसत नाही. थेट कडक ऊनही टाळावे. खिडकीत उजेड अपुरा असेल तर एलईडी दिवे दिवसाला बारा ते चौदा तास पुरतात.

भरवण्याबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण ही कल्पना पान मिटून कीटक पकडणाऱ्या व्हीनसच्या सापळ्यावरून (व्हीनस फ्लायट्रॅप) उचललेली आहे. ब्लॅडरवर्टचे सापळे माध्यमाच्या आत असतात आणि त्यांचे भक्ष्य सूक्ष्म असते: एकपेशीय जीव, चक्रधर, सूत्रकृमी, बारीक माइट. डार्विनला अल्पिनाच्या पिशव्यांत माइटचे अवशेष आढळले होते. पानांवर मांसाचा कण ठेवला तर त्याचा उपयोग फक्त बुरशीला होतो. हवेशीर, ओल्या स्फॅग्नममध्ये असे सूक्ष्म जीव आपोआप वस्ती करतात. काही जाणकार ऑर्किडचे खत अत्यंत पातळ करून अधूनमधून पानांवर फवारतात. त्याने वाढ सुधारू शकते, पण माध्यमात क्षार साठणार नाहीत अशी निथळण असेल तरच तिकडे वळावे.

पाने गळण्याचा मुद्दा मला हृदयाला लागतो, कारण त्यापायी जिवंत झाडे कचऱ्यात जातात. एंड्रेसिआय ही कोस्टा रिकापासून एक्वाडोरपर्यंत आढळणारी जात वर्षातला काही काळ पाने टाकून कंदांवर राहते. अल्पिनाही पुनर्लागवडीनंतर किंवा ऋतू बदलताना काही वेळा तसे करते. अशा वेळी कुंडी उपसून पाहण्याऐवजी एका कडेचे स्फॅग्नम अलगद बाजूला करावे आणि कंद पाहावेत. ते टणक आणि भरलेले असतील तर झाड विश्रांतीत आहे. पाणी कमी करावे, पण माध्यम ठणठणीत कोरडे होऊ देऊ नये, आणि वाट पाहावी. नवे पान बारीक आकड्यासारखे वाकलेले वर येते, मग सरळ होऊन उलगडते. तो आकडा दिसला की पाणी पूर्ववत करावे.

थंड रात्रींच्या बाबतीत सल्ल्याने एका गटाचे सत्य सगळ्यांवर लादले आहे. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना उच्चभूमीच्या तेपुई पठारांवरून आलेल्या क्वेल्चिआय आणि कॅम्पबेलिआना यांना गार रात्री खरोखर लागतात, आणि त्या मिळवून देता येत नसतील तर या दोन जाती आणू नयेत हेच योग्य. त्यांच्या लाल फुलांचा मोह मलाही समजतो; पण आधी परिस्थिती आणि मग झाड, हा क्रम सोडू नये. अल्पिना मात्र दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास आणि रात्री त्याहून काही अंश कमी एवढ्यावर समाधानी असते, आणि पांढरे, पिवळ्या ठिपक्याचे, ऑर्किडसारखे मोठे फूलही देते. ज्यांना हात बसवायचा आहे त्यांनी ब्राझीलमधल्या लाँगिफोलियापासून सुरुवात करावी. ती प्रामुख्याने खडकांवर आणि ओल्या जमिनीवर वाढते, खऱ्या अर्थाने वृक्षवासी नाही. पण माध्यम, पाणी आणि उजेड यांचा सराव तिच्यावर उत्तम होतो आणि चुका ती सहन करते.

राहिला बियांचा मुद्दा. हुंबोल्टिआय, नेलुंबिफोलिया आणि रेनिफॉर्मिस यांचे बी हिरवे असते, ओले पडताच लगेच रुजते आणि साठवणीत फार थोडे दिवस जिवंत राहते. पाकिटात वाळवून विकलेले असे बी बहुधा मेलेलेच असते. त्यामुळे ते विकत घेणाऱ्याची फसगत होते आणि दोष पुन्हा झाडाच्या नाजूकपणावर जातो. घरी वाढ करायची तर विभागणी करावी. माध्यम बदलताना दोन-तीन पाने, धावत्या खोडाचा तुकडा आणि शक्य असल्यास एक कंद असा भाग वेगळा काढावा, तो नव्या सैल स्फॅग्नमवर ठेवून वरून पातळ थर पसरावा, आणि पहिले काही आठवडे आर्द्रता जरा चढी ठेवून कुंडी सावलीच्या उजेडात ठेवावी. नुसते निरोगी पान देठासह ओल्या स्फॅग्नमवर ठेवले तरी अनेक जातींत त्याच्यावर नवे रोप धरते, फक्त त्याला कंदाच्या भागापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.